खर्जाची किंमत

१९६९ साली अमेरिकेतल्या अँपेग कंपनीनं एसव्हीटी नावाचा बास गिटारचा ॲम्प बाजारात आणला. ताकद ३०० वॉट, आत काचेच्या १४ ट्यूब (व्हॉल्व्ह), आणि स्पीकर सोडून नुसत्या ॲम्पचं वजन चाळीस किलोंच्या घरात. सोबतच्या खोक्यात दहा-दहा इंची आठ स्पीकर होते. वादकांनी त्या खोक्याचं नाव ‘फ्रिज’ ठेवलं आणि ते आजतागायत चिकटून आहे. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा या ॲम्पचे सुरुवातीचे नमुने त्यांच्या सामानात होते.

आज ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा ५०० वॉटचा क्लास-डी ॲम्प जेमतेम दोन किलोंचा असतो. गिटारच्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात तो मावतो आणि परदेशी बाजारात साधारण ३०० ते ८०० डॉलरना मिळतो. पूर्णपणे ट्यूबवर चालणाऱ्या २००-३०० वॉटच्या ॲम्पला मात्र नामांकित कंपन्या दोन ते साडेतीन हजार डॉलर घेतात. दोन-चार माणसांच्या कार्यशाळेकडून मागणीप्रमाणे बांधून घेतला तर आकडा आणखी वर जातो. भारतात मागवायचा म्हटलं तर भाडं वजनावर, आणि वर आयात शुल्क व जीएसटी.

हा सगळा हौसेचा आणि नावाचा मामला आहे, असं लांबून पाहणाऱ्याला वाटतं. हौस आणि नाव यांचा वाटा आहेच. पण बिल उलगडून पाहिलं तर त्यातला मोठा भाग लोखंड, तांबं, काच आणि कारागिराचे तास यांचा निघतो. त्यातलं लोखंड आणि तांबं किती लागणार, हे तर बऱ्याच अंशी वाजणारा सूरच ठरवतो.

सूर खाली, लोखंड जास्त

चार तारांच्या बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झचा सूर निघतो. साध्या गिटारची जाड तार ८२.४ हर्ट्झवर वाजते, म्हणजे नेमकं एक सप्तक वर. पाच तारांचा बास घेतला तर तळाची तार ३०.९ हर्ट्झपर्यंत उतरते. इतक्या खालच्या पट्टीत आपला कान मंद असतो. मधल्या पट्टीतल्या सुराइतकाच खर्जही मोठा वाटावा, तर त्याला कितीतरी जास्त ध्वनिदाब लागतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. म्हणून ज्या मंचावर गिटारवाल्याचं ३०-५० वॉटमध्ये भागतं, तिथे बासवाला २००-३०० वॉट मागतो. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं. तो कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट करावे लागतात.

एवढी ताकद ट्यूबमधून काढून स्पीकरपर्यंत पोहोचवायची, ही खरी अडचण. ३०० वॉट ४ ओहमच्या स्पीकरला द्यायचे तर त्याला सुमारे ३५ व्होल्ट आणि ८.७ अँपिअर लागतात. ट्यूबला अँपिअर झेपत नाहीत, व्होल्ट झेपतात. ट्यूबच्या बाजूचा भार २,००० ओहम धरला, तर तेच ३०० वॉट तिथे सुमारे ७७५ व्होल्ट आणि ०.३९ अँपिअरच्या रूपात असतात. या दोन टोकांना जोडणारा भाग म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. सायकलच्या गिअरसारखं त्याचं काम असतं. इथे वेढ्यांचं प्रमाण साधारण २२ ला १ येतं.

ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं लोखंड चुंबकत्व एका मर्यादेपर्यंतच पेलतं. ती ओलांडली की गाभा संपृक्त होतो आणि खालचा सूर फाटू लागतो. व्होल्टेज तेच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर गाभ्याचं क्षेत्रफळ आणि वेढ्यांची संख्या यांचा गुणाकार दुप्पट करावा लागतो. वेढे वाढवले तर तार लांबते, तिचा रोध वाढतो आणि वरच्या पट्टीतले सूर मार खातात. मग गाभाच मोठा घ्यावा लागतो. गिटारच्या १०० वॉटच्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर बासच्या १०० वॉटच्या ॲम्पला पुरत नाही, तो यामुळेच.

हा गाभा साध्या पत्र्याचा नसतो. त्यासाठी सीआरजीओ नावाचा खास सिलिकॉन-पोलादाचा पत्रा लागतो. पोलादाचे कण एका दिशेत बसवलेले असल्यामुळे त्यातून चुंबकत्व सहज वाहतं. भारत हा पत्रा मोठ्या प्रमाणावर आयात करतो. देशात तो बनवणारा कारखाना आहे नाशिक जिल्ह्यात. वर्षानुवर्षं जर्मनीच्या थिसेनक्रुपकडे असलेला हा कारखाना २०२५ च्या सुरुवातीला जेएसडब्ल्यू आणि जपानची जेएफई यांच्या संयुक्त कंपनीनं विकत घेतला. या पत्र्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे वीजमंडळांना ट्रान्सफॉर्मर पुरवणारे उद्योग. ॲम्प बांधणाऱ्याला लागतो काही किलो पत्रा. त्या काही किलोंसाठी त्याला याच बाजाराच्या भावामागे जावं लागतं.

वाइंडिंग हे वेळखाऊ काम. बॉबिनवर बारीक एनॅमल तारेचे थर चढवायचे, त्यावर इन्सुलेशनचा कागद, मग स्पीकरकडच्या जाड तारेचा थर, पुन्हा कागद, पुन्हा बारीक तार. प्रायमरी आणि सेकंडरी असे एकाआड एक पाच-सात भाग रचले, तरच खालचे आणि वरचे सूर दोन्ही शाबूत पोहोचतात. एखादा वेढा शेजारच्या थरात घसरला आणि कागद दबला, तर काही शे व्होल्टचा फरक असलेल्या दोन तारा एकमेकींना भिडतात. नंतर ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पट्ट्या एकेक करून आत सरकवायच्या, क्लॅम्प आवळायचा, व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवायचं. एखादी पट्टी सैल राहिली तर ॲम्प वाजताना स्पीकरबरोबर ट्रान्सफॉर्मरही गुणगुणू लागतो.

काचेचा बाजार

दुसरा मोठा खर्च ट्यूबचा. एसव्हीटीच्या पहिल्या आवृत्तीत ६१४६ जातीच्या सहा पॉवर ट्यूब होत्या. लवकरच त्यांच्या जागी ६५५० आल्या आणि त्याच कायम झाल्या. यातली एकेक ट्यूब नुसती तापत ठेवायला ६.३ व्होल्टवर १.६ अँपिअर, म्हणजे १० वॉट लागतात. एकही सूर न वाजवता सहा ट्यूबचे ६० वॉट गेले. आज चांगल्या ६५५० किंवा केटी८८ ट्यूबला साधारण ५० ते १०० डॉलर पडतात. सहांचा जुळवलेला संच म्हणजे २५ ते ५० हजार रुपये. वाजवणारा नियमित असेल तर हजार-दोन हजार तासांनी हा खर्च पुन्हा दारात उभा.

या ट्यूब भारतात बनत नाहीत, पण एके काळी बनायच्या. १९५४ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून रेडिओच्या रिसीव्हिंग व्हॉल्व्हचं उत्पादन सुरू केलं. घरोघरच्या रेडिओंत आणि सार्वजनिक सभांच्या ॲम्पमध्ये हे व्हॉल्व्ह असत. ट्रान्झिस्टर आला आणि मागणी आटत गेली. १९७४ मध्ये कंपनीनं नोएडाच्या शेजारी गाझियाबादला दुसरा कारखाना काढला तो रडारसाठी. १९७९ मध्ये पुण्यात निघालेला कारखानाही अंधारात पाहणाऱ्या उपकरणांच्या नळ्यांसाठी होता. जुन्या साठ्यातल्या बीईएलच्या ईसीसी८३ आणि ईएल८४ आजही हौशी मंडळी जगभर शोधत असतात. पण गेलेल्या साठ्याच्या भरवशावर कुणी नवा ॲम्प विकायला काढू शकत नाही. उद्या ट्यूब गेली तर गिऱ्हाइकाला ती कुठून देणार?

आता या धंद्याची मोठी ठिकाणं म्हणजे स्लोव्हाकियातल्या चाड्सा गावची जेजे, रशियातल्या सारातोव्हचा कारखाना आणि चीनमधले काही उत्पादक. सारातोव्हचा कारखाना न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सवाल्या माइक मॅथ्यूज यांच्या मालकीचा आहे आणि बाजारातली अनेक नावं तिथूनच येतात. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियानं निर्यातबंदी जाहीर केली, तेव्हा दुकानांतल्या ट्यूब बघता बघता संपल्या आणि भाव चढले. ज्या लहान कार्यशाळांनी पुढच्या सहा महिन्यांचे ॲम्प जुन्या भावानं नोंदवून घेतले होते, त्यांना फरक खिशातून भरावा लागणार हे उघड होतं. आता जाणता कारागीर एकाहून जास्त जातींच्या ट्यूब चालतील असाच आराखडा करतो आणि बायस, म्हणजे सूर नसतानाही ट्यूबमधून वाहणारा प्रवाह, कमीजास्त करायची सोय बाहेर ठेवतो.

नोएडाची वीज

उत्तर प्रदेश सरकारनं १७ एप्रिल १९७६ रोजी दिल्लीच्या सीमेवर नोएडा वसवायला घेतलं ते उद्योगांसाठीच. आज सेक्टर ६३ आणि त्याच्या आसपास लेझरनं पत्रा कापणारे, बेंडिंग आणि पावडर कोटिंग करणारे, पीसीबी बनवणारे आणि छोटे ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे असे सगळे सापडतात. सुटे भाग कमी पडले तर नोएडाहून ब्लू लाइन मेट्रो पकडायची, मंडी हाउसला गाडी बदलायची आणि लाल किल्ल्याला उतरायचं. समोर लाजपतराय मार्केट. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी कंडेन्सर आणि रेझिस्टन्स शोधत दुपारी घालवल्या आहेत, त्यांना हा बाजार परका वाटणार नाही.

इथे बांधायच्या ॲम्पचा आराखडा मात्र अमेरिकी पुस्तकातून जसाच्या तसा उचलता येत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. जो नियम खर्जाला लागू, तोच विजेलाही. वारंवारता सहाव्या भागानं उतरली की पॉवर ट्रान्सफॉर्मरचा गाभा वीस टक्के मोठा हवा. न्यू जर्सीहून नातेवाइकानं प्रेमानं आणलेला जुना ॲम्प इथे २३० चे ११५ व्होल्ट करणाऱ्या खोक्यावर लावला, तरी ५० हर्ट्झचे ६० होत नाहीत. तो फक्त ६० हर्ट्झपुरता बांधला असेल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर तापतो आणि घुमतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. आपल्या नियमानुसार २३० व्होल्टमध्ये ६ टक्के वरखाली चालतं, म्हणजे सॉकेटमध्ये २४४ व्होल्ट आले तर तक्रार करता येत नाही. जुन्या पद्धतीप्रमाणे २२० व्होल्ट धरून गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरवर तेच २४४ आले, तर ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ ऐवजी ७ व्होल्ट मिळतात. त्याची नेहमीची मर्यादा १० टक्क्यांची, म्हणजे ६.९ पर्यंत. आतला हाय व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतो. त्यात मे-जूनमध्ये दुपारी ४५ अंशांच्या आसपास जाणारी हवा आणि लाइट गेली की सुरू होणारा सोसायटीचा डिझेल जनरेटर. म्हणून इथल्या ॲम्पला २३० आणि २४० असे दोन टॅप, वरचढ व्होल्टचे फिल्टर कंडेन्सर आणि पॉवर ट्यूबच्या वर मोकळी जागा लागतेच. हे सगळं बिलात चढतं.

नोएडातच सेक्टर ८१ मध्ये सॅमसंगचा मोबाइलचा कारखाना आहे. जुलै २०१८ मध्ये त्याच्या विस्ताराचं उद्घाटन झालं, तेव्हा वर्षाला १२ कोटी फोनची क्षमता जाहीर करण्यात आली होती. साचा, चाचणी आणि आराखडा यांचा खर्च तिथे इतक्या नगांवर वाटला जातो की एका फोनमागे तो दिसतही नाही. ट्यूब ॲम्प बांधणारा वर्षाला पंचवीस-तीस नग काढत असेल आणि ट्रान्सफॉर्मरचे तीन नमुने, पत्र्याचा पहिला साचा आणि जळालेल्या ट्यूब यांवर त्याचे तीन लाख रुपये गेले असतील, तर वर्षभर प्रत्येक नगावर दहा-बारा हजार निव्वळ तयारीचेच पडतात. त्यावर वायरिंग आणि तपासणीचे वीस-चाळीस तास. पीसीबी वापरली तर तास कमी होतात. नीट आखलेल्या पीसीबीनं आवाज बिघडत नाही. हातानं जोडलेल्या टॅगबोर्डाचा फायदा वेगळा असतो. पंधरा वर्षांनी जळालेला एक रेझिस्टन्स कुठल्याही गावचा रेडिओ मेकॅनिक तिथे बदलू शकतो.

दिल्ली परिसरात ट्यूबचे ॲम्प हातानं बांधण्याची परंपरा नव्यानं रुजवणाऱ्यांत लायरिटा ऑडिओचं नाव घ्यावं लागेल. पण ते ॲम्प घरी बसून संगीत ऐकण्यासाठी असतात. त्या जगात लाडकी असलेली ३००बी ही ट्यूब एकटी सुमारे ८ वॉट देते आणि दिवाणखान्याला तेवढे पुरतात. बासच्या ॲम्पचं गणित वेगळं. दिल्लीचीच अहुजा रेडिओज ही १९४० पासूनची कंपनी मराठी माणसाला मंडपातून आणि गणेशोत्सवातून माहीत आहे. व्हॉल्व्हच्या काळात सभेच्या मैदानापर्यंत आवाज नेणाऱ्या ॲम्पची बांधणी, दोन किंवा चार पॉवर ट्यूब आणि दणकट ट्रान्सफॉर्मर, ही बास ॲम्पच्या जास्त जवळची होती.

किती वॉट पुरे?

ट्यूबच्या बास ॲम्पचा इतिहास पाहिला तर तो वॉट वाढवण्याचा आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये इलेक्ट्रिक बास आणला आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी बासमन हा ॲम्प. तो जोरात लावला की फाटायचा. बासवाल्यांना ते खटकलं, गिटारवाल्यांना आवडलं. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात त्यांचा पहिला ॲम्प तयार झाला तो बासमनच्याच सर्किटवरून. १९६० चा अँपेग बी-१५ फक्त २५-३० वॉटचा, १५ इंची एकाच स्पीकरचा. डेट्रॉइटच्या मोटाउनचे जेम्स जेमर्सन यांच्यामुळे त्याचं नाव झालं. पुढे मैदानं मोठी झाली, आणि गिटारांच्या भिंतीपुढे टिकायला ३०० वॉटचा एसव्हीटी आला.

त्या एसव्हीटीच्या ‘फ्रिज’बद्दल एक गोष्ट बासवाल्यांनाही चकित करते. या बंदिस्त खोक्याच्या नव्या आवृत्तीचं तपशीलपत्रक सांगतं की त्याचा आवाज ५८ हर्ट्झच्या खाली उतरत जातो आणि ४० हर्ट्झवर १० डेसिबलनं कमी असतो. म्हणजे बासचा सगळ्यात खालचा मूळ सूर तिथे पूर्ण येतच नाही. ऐकणाऱ्याला मात्र तो ऐकू येतो. ८२, १२४, १६५ हर्ट्झचे त्याचे उपस्वर कानावर पडले की मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो. ट्यूब थोडी दाबली की हेच उपस्वर वाढवते. आठ दहाइंची स्पीकर आणि थोडी ओढलेली ट्यूब यांचा तो प्रसिद्ध दणका यातून येतो. म्हणून ३१ हर्ट्झपर्यंत पूर्ण ताकद देणारा राक्षसी ट्रान्सफॉर्मर बसवणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. कुठे थांबायचं ते कान आणि तराजू दोन्ही पाहून ठरतं.

मधली वाटही आहे. पुढे एक-दोन १२एएक्स७ ट्यूब आणि मागे ट्रान्झिस्टर किंवा क्लास-डीचा पॉवर विभाग. १९८४ मध्ये सुरू झालेल्या एसडब्ल्यूआर कंपनीनं हा मार्ग लोकप्रिय केला. यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतच नाही, त्यामुळे वजन आणि खर्च एकदम उतरतात. पण पॉवर ट्यूब आणि लोखंड एकत्र ओढले जातात, तेव्हाचा गुण त्यात येत नाही. जाळीतून एक ट्यूब चमकताना दाखवून पूर्ण ट्यूब ॲम्पचा भाव सांगणाऱ्या विक्रेत्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर कुठे आहे, एवढंच विचारावं.

आजचा बासवादक स्टुडिओत ॲम्पशिवाय, थेट मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्समधून रेकॉर्ड होतो. मंचावरही त्याचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो तो मोठ्या पीए यंत्रणेतून. शेजारचा ॲम्प त्याच्या स्वतःच्या कानासाठी आणि आवाजाच्या पोतासाठी असतो. नोएडाच्या बाराव्या मजल्यावर राहणाऱ्याला ३०० वॉटचा आवाज सोसायटी वाजवूच देणार नाही. म्हणून नव्यानं बांधणारे बरेच जण दोन केटी८८ च्या साधारण १०० वॉटवर थांबतात.

असा ॲम्प ताब्यात देण्यापूर्वी बायस लावतात. प्रत्येक पॉवर ट्यूबच्या कॅथोडखाली १ ओहमचा रेझिस्टन्स असतो. त्यावर मीटर लावला की जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. केटी८८ ची प्लेट ४२ वॉट सोसते. त्याच्या ७० टक्के धरले तर २९ वॉट. प्लेटवर ५६० व्होल्ट असतील तर मीटरवर ५२ च्या आसपास आकडा हवा. पेचकस लावून अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, अर्धा तास तापू द्यायचं आणि पुन्हा बघायचं. धक्का बसलाच तर तो छातीतून जाऊ नये म्हणून हे करताना एक हात खिशात ठेवतात. आतल्या कंडेन्सरमध्ये स्विच बंद केल्यावरही काही शे व्होल्ट साठून राहू शकतात. म्हणून ते रिकामे करणारा रेझिस्टन्स नसलेला ॲम्प कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नये.

याहूनही स्वस्तात भागवायचं असेल तर बी-१५ चाच नकाशा समोर आहे. तीन ६एसएल७, दोन ६एल६ आणि एक रेक्टिफायर अशा सहा ट्यूब, १५ इंची एक स्पीकर. पॉवर ट्यूब बदलायची वेळ आली की सहाऐवजी दोनच घ्यायच्या, आणि ६एल६ ची किंमत ६५५० च्या साधारण निम्मी असते. ट्रान्सफॉर्मर ४१ हर्ट्झसाठीच गुंडाळावा लागतो, पण ३०० च्या जागी ३० वॉटसाठी. आणि पेटी जिन्यावरून चढवायला दोन माणसं लागत नाहीत.